चार फुटांचं यार्ड

(हौशी मंडळींच्या एका रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण, बोललो तसंच, थोडं नीट करून.)

नमस्कार मंडळी. विषय पत्रिकेत छापलाय तसा, घरच्या घरी छोटा शंटिंग लेआउट कसा बांधायचा, म्हणजे मॉडेल रेल्वेची अशी मांडणी जिथे इंजिन डबे मागेपुढे करून हवे तिथे लावतं. सेक्रेटरींनी पंचेचाळीस मिनिटं दिलीत आणि त्यातली सात माईक लावण्यात गेलीत, म्हणून थेट सुरू करतो.

आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात एकाच जागी झालीय, कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये. 1998 पासून ते उघडं आहे, आणि पहिल्यांदा बघून बाहेर पडलेला माणूस रिक्षात बसल्या बसल्या हिशोब करायला लागतो की आपल्या हॉलमध्ये काय मावेल. मग घरी येऊन टेपने मोजतो आणि लक्षात येतं की काहीच मावणार नाही. एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाच्या मापात, साधा गोल करायचा तर एक मीटरच्या आसपास रुंदी लागते, म्हणजे दिवाण काढावा लागतो, आणि दिवाणावर कोण झोपतं हे ज्याचं त्याला माहीत. तिथेच दहातले आठ जण हा नाद सोडतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चूक जागेची नाहीये, चूक गोलाची आहे. आपण धरूनच चालतो की गाडी म्हणजे फिरली पाहिजे. अहो, गोल फिरणारी गाडी कुठे जाते? पोरं दहा मिनिटं बघतात आणि मोबाईल काढतात. खरी रेल्वे बघायची तर ती थांबते तिथे बघा, मालधक्क्यावर, यार्डात, जिथे एक इंजिन चार वाघिणी घेऊन मागेपुढे करतंय आणि खाली उभा असलेला माणूस विचार करतोय.

वाघीण हा शब्द नव्या मुलांना माहीत नसतो. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, इंग्रजी शब्द आपल्या लोकांनी तोंडात घोळवून मऊ केला. मी सहा-सात वर्षांचा असताना मामा म्हणाला, "चल, आज यार्डात आठ वाघिणी आल्यात," आणि मी रात्रभर झोपलो नव्हतो.

आता मिरजेचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, दोन मिनिटं द्या. मिरजेला त्या काळी तीन गेज होते, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची तीन मापं. पुणे-कोल्हापूर ब्रॉडगेज 1971 मध्ये झालं, दक्षिणेकडे कर्नाटकात जाणारं मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीवरून येणारी आपली बार्शी लाईट, अडीच फुटी नॅरोगेज, जी 1927 मध्ये मिरजेपर्यंत आली. एका गावात तीन मापांचे रूळ. म्हणजे एका रुळावरचा माल दुसऱ्या रुळावर जायचा तर वाघीण जाऊ शकत नाही, पोतं जातं. आणि पोतं हमालाच्या पाठीवरून जातं. इकडे मीटरगेजची वाघीण, तिकडे ब्रॉडगेजची, मध्ये फलाट, आणि दिवसभर माणसं ये-जा करतायत. मामा शंटिंगला होता. खाकी शर्ट, गळ्यात शिटी, काखेत दोन झेंडे. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्या मागे मागे, म्हणजे केबिनच्या पायरीवर, तिथून हलायचं नाही ही अट होती.

1983 च्या मे महिन्यातली गोष्ट. पहिल्या लाईनीवर पाच वाघिणी उभ्या, त्यातली इंजिनाकडून तिसरी शेंगपेंडेची, ती दुसऱ्या लाईनीवर धक्क्याला लावायची होती. मामाने मला आदल्या रात्री ओट्यावर काडेपेट्या मांडून हे शिकवलं होतं. इंजिन म्हणजे उदबत्तीचा पुडा. तिन्ही पेट्या बाहेर ओढ, सांधा बदल, म्हणजे गाडी दुसऱ्या लाईनीवर वळेल असे रूळ फिरव, दुसऱ्या लाईनीत ढकल, आता सगळ्यात पुढे कोण आहे? तिसरी. तिला तिथे सोड, दोन घेऊन परत ये, पहिल्या लाईनीत लाव. झालं. मला ते इतकं आवडलं की मी उदबत्त्या बाहेर सांडेपर्यंत खेळलो आणि आजीकडून ओरडा खाल्ला.

तर दुसऱ्या दिवशी तसंच व्हायचं होतं. वाफेचं इंजिन आलं, तीन वाघिणी ओढून शंटिंग नेकवर, म्हणजे सांध्याच्या अलीकडच्या मोकळ्या रुळावर, गेलं, सांधा बदलला, आणि मामा हात वर करून उभाच राहिला. कारण दुसऱ्या लाईनीवर आधीच एक वाघीण धक्क्याला होती, आणि ती अजून रिकामी झाली नव्हती. नवीन वाघीण तिच्या मागे लागणार, म्हणजे हलका का होईना, धक्का बसणार. ड्रायव्हरने शिटी मारली. मामा हलला नाही. परत शिटी. कोणीतरी लांबून ओरडलं. उन्हात डांबराचा वास येत होता, इंजिन नुसतं सुस्कारे टाकत उभं, आणि मी पायरीवरून ओरडलो, "मामा, आता ढकलायचं ना?" मामाने मान न वळवता सांगितलं, "आत माणसं हायत की रं." वाघिणीच्या दारातून एक हमाल पोतं घेऊन आला, मग दुसरा, मग बराच वेळ कोणी नाही, मग एक म्हातारा बाहेर आला, पाठीवर काही नाही, हातात नुसता झाडू, सांडलेले दाणे गोळा करून आला होता तो. तो फलाटावर टेकला, मामाने आत वाकून बघितलं, दुसऱ्या दाराने पण बघितलं, आणि मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन जवळ-लांब, जवळ-लांब असे हलवले. ही खूण म्हणजे कपलिंगसाठी, वाघिणी जोडायला, हळू ये. आणि ते एवढं मोठं धूड असं आलं की जुन्या वाघिणीला लागलं तेव्हा आवाज झाला तो कडी पाटावर ठेवल्यासारखा.

शंटिंग मी तेव्हा शिकलो. बाकी सगळं नंतरचं आहे.

(इथे सेक्रेटरींनी पहिली चिठ्ठी दिली.)

हो हो, येतो मुद्द्यावर.

ब्रिटनमध्ये अॅलन राइट नावाच्या हौशी माणसाने एक प्लॅन केला, इंग्लनूक साईडिंग्ज, आणि तो माझ्या मते या छंदातला सगळ्यात सुंदर प्लॅन आहे. तीन लाईनी, दोन सांधे, बास. एका लाईनीत पाच वाघिणी मावतात, बाकी दोन लाईनीत तीन तीन, आणि शंटिंग नेकवर इंजिन अधिक तीन. एकूण वाघिणी आठ. प्रत्येक वाघिणीचा एक असे आठ पत्ते करायचे, पिसायचे, पाच काढायचे, आणि त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावायची. बघा, अकरा जागा आणि आठ वाघिणी, म्हणजे तीनच जागा रिकाम्या, आणि इंजिन एका वेळी तीनच बाहेर काढू शकतं. लहानपणी पंधरा आकड्यांचं सरकवायचं कोडं असायचं ना, एक घर रिकामं ठेवून, तोच खेळ. नववी वाघीण ठेवून बघा, लगेच हात बांधल्यासारखे होतात. आणि क्रम किती होतात? आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, 6720. रोज रात्री जेवणानंतर एक क्रम लावला तर अठरा वर्षं पुरतो. दोन सांध्यांत अठरा वर्षं! दिवाण न हलवता.

अमेरिकेत जॉन अॅलन यांचा टाइमसेव्हर म्हणून प्लॅन आहे, त्यात सांधे पाच आहेत, इंजिन वाघिणींना वळसा घालून दुसऱ्या बाजूला येऊ शकतं, आणि घड्याळ लावून खेळायचा असतो. माणूस थोर, त्याचं काम बघावं असंच, पण मला घड्याळ पटत नाही. का ते मिरजेत सांगून झालंय.

वेगाचं मात्र ऐका. आपल्या रेल्वेत शंटिंगला ताशी 15 किलोमीटरची मर्यादा असते. एचओ म्हणजे 1:87, तर मॉडेलवर तो वेग होतो सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटीमीटर. सोपं माप सांगतो, एक वीत अंतर पाच सेकंदांत. आता घरी जाऊन तुमचं इंजिन लावा आणि हात रुळाशेजारी ठेवून मोजा, बहुतेकांचं इंजिन वीत एका सेकंदात पार करतं. ते शंटिंग नाही, ती पळापळ आहे. या वेगाने चार फूट पार करायला पंचवीस सेकंद लागतात, आणि मग चार फूट छोटे वाटत नाहीत.

(दुसरी चिठ्ठी. दहा मिनिटं.)

आता बांधणी, भराभर.

लांबी आधी काढा, मग फळी घ्या, उलटं करू नका. चार चाकी छोटी वाघीण कपलरसकट, म्हणजे जोडायच्या आकड्यासकट, साडेआठ सेंटीमीटर धरा. शंटिंग नेकवर तीन वाघिणी आणि तेरा सेंटीमीटरचं इंजिन, झाले साडेअडतीस. पहिला सांधा सतरा. पुढे शेजारच्या लाईनीला घासू नये म्हणून सहा सोडा. मग पाच वाघिणींचे साडेबेचाळीस. बेरीज 104. दुसऱ्या बाजूने जा, पहिल्या सांध्यानंतर दुसरा सांधा सतरा, परत सहा, आणि तीन वाघिणी साडेपंचवीस, परत 104! म्हणूनच पाचाची लाईन पहिल्या सांध्यावरून काढायची आणि तीन-तीनच्या दुसऱ्यावरून, सगळी टोकं एका रेषेत येतात. चार फूट म्हणजे 122 सेंटीमीटर, दोन्हीकडे बफर, म्हणजे रुळाच्या टोकाचा अडसर, लावून जागा उरते. रुंदी एक फूट. पुस्तकाच्या फळीवर राहतं. आपली बॉक्स-एन, म्हणजे वरून उघडी मोठी वाघीण, घ्यायची हौस असेल तर ती खरी 10.7 मीटर आहे, मॉडेलमध्ये सव्वाबारा सेंटीमीटर, मग सव्वापाच फुटांची तयारी ठेवा. एन स्केलला, म्हणजे एचओहून लहान मापात, दोन-अडीच फुटांत होतं, पण माझ्या वयाला ते कपलर दिसत नाहीत.

कोणीतरी विचारणार म्हणून आधीच सांगतो, हो, एचओचा रूळ साडेसोळा मिलिमीटर आहे आणि आपलं 1676 चं ब्रॉडगेज त्या मापात सव्वाएकोणीसच्या आसपास यायला पाहिजे. मी साडेसोळावरच बांधलंय, कारण तयार सांधे त्याच मापात मिळतात. नॅरोगेजवाल्यांचं नशीब चांगलं आहे, 762 मिलिमीटर 1:87 मध्ये जवळजवळ नऊ होतं, म्हणजे एन स्केलचा रूळ चालतो. बार्शी लाईट कोणी बांधणार असेल तर मला सांगा, मी येऊन बसेन.

फळी 12 मिलिमीटर प्लाय, खाली चारी बाजूंनी पट्टी आणि मध्ये दोन आडव्या. माझी पहिली फळी एका दुकानातून वॉटरप्रूफ म्हणून दिलेली, एक पावसाळा गेला आणि मधोमध चार मिलिमीटर वर आली, वाघिणी आपोआप दोन्हीकडे घरंगळायला लागल्या. दुकानदार म्हणाला तुम्ही पाण्यात ठेवली असणार. आठ महिन्यांचं काम उखडावं लागलं, अजून राग आहे. म्हणून वरून, खालून आणि विशेषतः कडांना, दोन हात ऑइलपेंट. खालची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून सोडू नका, फळी तिथूनच दमट होते.

सांध्याचा फ्रॉग, म्हणजे दोन रूळ छेदतात तो तुकडा, धातूचा असलेलाच घ्या. प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर छोटं इंजिन हळू चाललं की तिथेच मरतं, चाकांना करंट मिळत नाही, आणि मग बोटाने ढकलायचं. बोट लागलं की सगळी मजा गेली. धातूच्या फ्रॉगला सांध्याबरोबर पोलॅरिटी, म्हणजे करंटची प्लस-मायनस बाजू, बदलायला लागते, एक मायक्रोस्विच बसवा, आणि फ्रॉगपासून पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर, म्हणजे रूळ जोडणाऱ्या पण करंट अडवणाऱ्या क्लिपा, विसरलात तर शॉर्ट. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःची वायर सोल्डर करा, जॉइनरवर विसंबू नका. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, सॅंडपेपर नको, चरे पडतात आणि चऱ्यांत काळं साचतं.

कपलर सोडवायला पनीर टिक्क्याची बांबूची काडी. टोक पाचरीसारखं चपटं तासायचं, वरून दोन कपलरच्या मध्ये घालायची आणि पाव फिरवायची. आधी इंजिन किंचित मागे घेऊन ताण काढा, ताणलेला कपलर कधी सुटत नाही, खऱ्या रेल्वेतही नाही. ती पाव वळणाची टिक बोटांना कळते, ती कळायला लागली की तुम्ही तयार झालात.

(तिसरी चिठ्ठी.)

झालंच. फळी मी आणलीय, मागच्या टेबलावर आहे, तिथेच पत्ते आहेत. आठ वाघिणींचे आठ पत्ते, आणि एक नववा मी घातलाय, तो इंग्लनूकमध्ये नसतो. त्यावर काही चित्र नाही, नुसतं लिहिलंय "आत माणसं आहेत". तो निघाला की धक्क्याला जी वाघीण उभी असेल तिला हात लावायचा नाही, तिच्यावर दुसरी नेऊन टेकवायची पण नाही. शेजारी चहा ठेवलाय. कप रिकामा होईपर्यंत इंजिन नेकवर उभं राहील. एका वेळी दोघांनीच या, आणि कंट्रोलरची वायर पायात येतेय, तेवढी जपा.