काटा अडतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. मागे एक ताई माझ्याकडे आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी वही पुढे केली. रोज सकाळचं वजन लिहिलेलं. सुरुवात ८० किलोंनी, पंधरवड्यात ७७, मग सावकाश ७२. पुढची दोन पानं मात्र ७२.२, ७१.९, ७२, ७२. "मॅडम, काटा बिघडलाय का हो?"

काटा ठणठणीत होता.

पहिले तीन किलो भराभर उतरले, त्यात चरबी थोडीच होती. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची राखीव साखर, स्वतःच्या साधारण तिप्पट पाणी धरून बसतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा आटतो, पाणी निघून जातं आणि आपण पेढे वाटायला निघतो. (कमी साखरेचे, अर्थात.)

आता आठ किलो उतरले. आठ किलो तांदळाची पिशवी खाली ठेवून जिना चढलात, तर दम कमीच लागणार ना? तसंच हे. जे जेवण ८० किलोंना अपुरं पडत होतं, ते ७२ किलोंना हळूहळू पुरायला लागतं. त्यात शरीर चिक्कूपणा करतं तो वेगळाच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लायबेल आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं, १९९५ साली. वजन १० टक्के उतरलेल्यांचा ऊर्जेचा खर्च नुसत्या वजनाच्या हिशेबापेक्षा जास्त घटला होता. चरबी कमी झाली की लेप्टिन हे संप्रेरकही घटतं आणि मेंदू समजतो, दुष्काळ पडला. भूक वाढते. हालचालही नकळत मंदावते. पाण्याचा तांब्या आपण उठून आणत नाही, मुलाला हाक मारतो.

इथवर ऐकून ताई खूश. चला, दोष शरीराचा!

मग मी विचारलं, "तेलाची एक लिटरची पिशवी किती दिवस जाते?"

"आठ दिवस. चौघंच आहोत."

म्हणजे माणशी रोज ३१ मिली. अडीचशेहून जास्त कॅलरी, नुसत्या तेलाच्या. वहीत लिहिलं होतं 'तेल २ चमचे', म्हणजे १० मिली. भाजीतलं दाण्याचं कूट वहीत नव्हतंच. गुरुवारची साबुदाण्याची खिचडी 'उपवास' या एका शब्दात आटोपलेली.

ताई खोटं बोलत नव्हत्या. १९९२ साली अमेरिकेत, डाएट करूनही वजन हलत नाही म्हणणाऱ्यांचं खाणं तपासलं गेलं. चयापचय ठीक निघालं. खाणं मात्र सांगितल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट होतं. आपण सगळेच असे मोजतो.

अशा वेळी एक पोळी आणखी कमी करायची घाई होते. ती मला पटत नाही. उपाशी राहून स्नायूही झिजतात आणि खर्च आणखी घटतो. डाळ, उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं ताटात राहू द्या. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम करा. थकवा, सूज, केस गळणं असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

पुढच्या खेपेला ताई वहीबरोबर फोडणीची पळी घेऊन आल्या. आम्ही ती माझ्या छोट्या काट्यावर तेल भरून तोलली. तेल भरलं १४ ग्रॅम, म्हणजे सव्वाशे कॅलरी. "आणि मी भाजीला दोन घालते," त्या म्हणाल्या, आणि पळी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.