सिंड्रेलाची रेघ आणि आपल्या फळीवरच्या कॅसेटी

नमस्कार मंडळी.

मंडळाच्या वाचनालयाची आवराआवर चालू आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. पुस्तकांच्या मागे डिस्ने स्टुडिओच्या जुन्या परीकथापटांच्या व्हीएचएस कॅसेटी आणि डीव्हीडींची एक अख्खी रांग निघाली. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या त्या पांढऱ्या, फुगीर प्लॅस्टिकच्या पेट्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी होत्या. आता सगळं ऑनलाइन मिळतं, मग जागा कशाला अडवायची, असं काहींचं म्हणणं पडलं. त्या टाकू नयेत, असं मला मनापासून वाटतं, आणि तेच सांगायला मी उभा आहे.

हे चित्रपट घरात यायला फार वेळ लागला. ‘स्नो व्हाइट’चा पहिला खेळ लॉस एंजेलिसला 21 डिसेंबर 1937 रोजी झाला. पुढे 1944, 1952, 1958 असं करत दर काही वर्षांनी तो पुन्हा थिएटरात लागायचा आणि मुलांची नवी पिढी तो पहिल्यांदा बघायची. कॅसेट विकली तर ही पुन:पुन्हा होणारी कमाई बुडेल, ही डिस्नेची धास्ती होती. म्हणून सगळं बेताबेतानं झालं: 1985 मध्ये ‘पिनोकिओ’, 1986 मध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’, 1988 मध्ये ‘सिंड्रेला’. ‘स्नो व्हाइट’ला तर 1994 च्या ऑक्टोबरपर्यंत थांबवून ठेवलं. आलेली कॅसेटही काही काळ विकायची, मग बाजारातून काढून घ्यायची आणि काही वर्षांनी पुन्हा आणायची. त्यामुळे दुकानात दिसली की आईवडील लगेच उचलायचे.

इथे परदेशात, आपल्या घरांत या कॅसेटींनी आणखी एक काम केलं. भारतातून आजी-आजोबा यायचे. दिवसभर घरात ते आणि नातवंडं. आजीला इंग्रजी संवाद समजत नसले तरी सावत्र आईचा छळ कळायला इंग्रजी लागत नाही. ती शेजारी बसून आपल्या मराठीत गोष्ट सांगायची, आणि कॅसेट हवी तिथे थांबवता यायची म्हणून तिला सवड मिळायची. आपल्या कितीतरी मुलांच्या कानावर सलग, लांबलचक मराठी पडलं ते असं. हीच कॅसेट पुण्याच्या भाच्याला पाठवली की मात्र पंचाईत व्हायची, कारण टीव्हीच्या चित्राची इथली पद्धत एनटीएससी आणि तिकडची पाल; एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रावर नीट चालत नाही. मग कोणीतरी दोन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर शोधत फिरायचं.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक आवृत्तीत तोच चित्रपट निराळा दिसतो. ‘स्लीपिंग ब्यूटी’ 1959 चा. सत्तर मिलिमीटरच्या रुंद फिल्मसाठी केलेली भली रुंद चौकट, आणि तिच्यात पार्श्वचित्रं करणाऱ्या आयव्हिंड अर्लनं रंगवलेलं ते उभ्या-आडव्या रेषांचं जंगल. टीव्हीच्या जवळपास चौकोनी पडद्यावर बसवताना निम्म्याच्या आसपास चित्र कडेला कापलं गेलं. 2008 च्या ब्लू-रेवर (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणाऱ्या डिस्कवर) ते पूर्ण रुंदीत आलं. दोन्ही शेजारी लावून बघा; चौकट म्हणजे काय हे मुलांना वेगळं शिकवावं लागणार नाही.

‘सिंड्रेला’चं तर फारच बोलकं उदाहरण आहे. त्या काळी हातानं काढलेलं प्रत्येक चित्र कृष्णधवल फिल्मवर तीनदा टिपत: लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून. रंग तयार व्हायचे ते या तिन्हींचा मेळ घालून. म्हणजे नवी प्रत करताना रंग पुन्हा ठरवावे लागतात, आणि तिचा रुपेरी पोशाख कधी निळसर होतो तो यामुळे. पुढे डिजिटल सफाई आली. फिल्मवरचा रवा, म्हणजे तिचे बारीक दाणे, आणि धूळ काढता काढता 2012 च्या ब्लू-रेवर काही ठिकाणी बारीक रेघाही पुसल्या गेल्या. केसांची बट किंवा कपड्याची चुणी दाखवणारी ती रेघ कोणाच्या तरी हातानं, शाई भरून, सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर काढलेली होती. ती गेली की त्या कलाकाराचा हातच पुसला जातो. 2023 मध्ये मूळ नायट्रेट निगेटिव्हवरून, म्हणजे त्या काळच्या मूळ फिल्मवरून, नवी प्रत झाली, एरिक गोल्डबर्ग आणि मायकेल जियाइमो या स्टुडिओतल्याच कलाकारांनी तिच्यात लक्ष घातलं, आणि रवा आणि रेघ परत आली. ही प्रत सुंदरच आहे. पण काय गेलं होतं आणि काय परत आलं, हे कळायला मधल्या आवृत्त्याही हाताशी हव्यात. ऑनलाइन एकावेळी सहसा एकच प्रत समोर असते, आणि ती कोणती हे आपण ठरवत नाही.

आपल्या फळीवर ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची 2002 ची डीव्हीडीसुद्धा आहे. तिच्यात 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या चित्रपट महोत्सवात दाखवलेली अपुरी प्रत आहे, बऱ्याच प्रसंगांत नुसती पेन्सिलची चित्रं हलणारी. आपल्या चित्रकला वर्गाच्या मुलांना ती दाखवायलाच हवी.

तेव्हा विनंती अशी: कॅसेटी कोरड्या जागी, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवू. ज्यांच्या फितीवर पांढरी बुरशी दिसेल त्या व्हीसीआरमध्ये घालायच्या नाहीत, नाहीतर ती यंत्रातून दुसऱ्या कॅसेटींना लागते. ज्यांच्या घरी चालू व्हीसीआर किंवा जुना टीव्ही आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत वाचनालयाच्या टेबलावर नाव नोंदवावं. दोन यंत्रं मिळाली की ‘सिंड्रेला’ची कॅसेट आणि नवी प्रत एकाच दुपारी मुलांना दाखवू. आजी-आजोबांनाही घेऊन या, गोष्ट मराठीतून त्यांनीच सांगायची आहे.