पिशवी मागवण्याआधी

अतिदक्षता विभागाच्या दाराशी नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, रक्ताच्या किती पिशव्या लागतील?" दोघे-तिघे बाह्या सरसावून रक्त द्यायला उभेच असतात. त्या मायेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मला आधी वेगळंच शोधायचं असतं : हे रक्त कमी झालं कशानं?

लोह संपलंय? मूत्रपिंड थकलंय? आत कुठे झिरपतंय? की आम्हीच काढून घेतलंय? शेवटचं कारण ऐकून दचकू नका. अतिदक्षता विभागातल्या प्रौढ रुग्णाचं रोज ४० ते ७० मिलिलिटर रक्त निव्वळ तपासण्यांत जाऊ शकतं. दहा दिवसांत जवळजवळ अर्धा लिटर, म्हणजे एका रक्तदानाइतकं. आणि ते जातं अशा माणसाचं, ज्याची रक्त बनवणारी अस्थिमज्जा आजारानं आधीच मंदावलेली आहे. रक्ताचा नमुना घ्यायच्या मुलांच्या छोट्या नळ्या मोठ्यांनाही वापरायच्या, 'रोजचं आहे म्हणून' होणाऱ्या तपासण्या थांबवायच्या, एवढ्यानं पुष्कळ वाचतं. याला यंत्र लागत नाही, म्हणूनच बहुधा याकडे लक्ष जात नाही.

दुसरा प्रश्न रेषेचा. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की रक्त चढवायचं, हा नियम आम्ही वर्षानुवर्षं पाळला. १९९९ साली कॅनडातल्या ८३८ अत्यवस्थ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला १० च्या खाली जाताच रक्त दिलं, दुसऱ्याला ७ च्या खाली गेल्यावरच. कमी रक्त मिळालेला गट ३० दिवसांनंतरही मागे पडला नव्हता. मात्र ७ ही काही देवानं आखलेली रेषा नव्हे. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्या रुग्णात मी तिथवर वाट पाहत नाही. २०२३ सालच्या मोठ्या चाचणीत अशा रुग्णांत १० च्या आसपास ठेवलेल्या गटाचं पारडं थोडं जड दिसलं. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही, तरी मला तो दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही.

आता औषधं. दीर्घ आजारात शरीरात दाह असतो, तेव्हा यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि आतड्यातून लोह आत येण्याची वाट अडते. गोळ्या कितीही गिळा, हिमोग्लोबिन हलत नाही. तिथे शिरेतून दिलेलं लोह उपयोगी पडतं, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधी हिमोग्लोबिन तपासा, असा माझा हट्ट असतो. आदल्या रात्री कळलं तर पिशवीशिवाय हातात काही उरत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांना तांबड्या पेशी बनायला चालना देणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन मोठा आधार देतं, पण त्यानं गुठळ्यांचा धोका वाढतो आणि कर्करोगात ते फार जपून वापरावं लागतं.

रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्यानं शोधलं. २०१० साली २०,००० हून अधिक जखमींवरच्या चाचणीत त्यानं जीव वाचतात हे दिसलं. अट एकच, पहिल्या तीन तासांत द्यायचं; उशीर झाला तर उलट अपायाची शक्यता. जठर-आतड्यातल्या रक्तस्रावात मात्र २०२० च्या चाचणीत फायदा दिसला नाही, शिरांतल्या गुठळ्या वाढल्या. एकच औषध, जागा बदलली की निकाल बदलतो.

हेही स्पष्ट सांगतो : धो-धो रक्त वाहत असेल तर रक्तच द्यावं लागतं. त्याची जागा घेणारा कृत्रिम द्रव अजून सर्रास वापरात आलेला नाही.

तरीही काही रुग्ण श्रद्धेपोटी रक्त नाकारतात. अमेरिकी हृदयशल्यविशारद डेंटन कूली यांच्या चमूनं यहोवा साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या अशा ५४२ रुग्णांवर रक्त न देता हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं केली आणि १९७७ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. असा रुग्ण आला की मी 'रक्त नको' एवढ्यावर थांबत नाही. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन चालेल? रक्त गोठवणारे घटक चालतील? ऑपरेशनमध्ये सांडलेलं तुमचंच रक्त यंत्रानं धुऊन परत दिलं तर? उत्तरं माणसागणिक वेगळी येतात. ती रुग्ण पूर्ण शुद्धीवर असताना, नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबवून, त्याच्या तोंडून ऐकावी आणि त्याच्या सहीनं लिहून ठेवावी लागतात.