चिंचोक्याला आठवण नसते

नमस्कार. बोलायला लागण्याआधी हे दोन डबे फिरवतो. एक डावीकडच्या रांगांत जाऊ द्या, एक उजवीकडे. प्रत्येक डब्यात चिंचोक्याची दोन अर्धुकं आहेत. पटावर खेळताना फासे म्हणून टाकतो तीच, एका बाजूनं काळी, फोडलेल्या बाजूनं पांढरी. एक चिंचोका आई समजा, दुसरा बाप. दोन्ही एकदम टाकायचे आणि काय पडलं ते वहीत लिहायचं: दोन्ही पांढरे, एक काळा एक पांढरा, की दोन्ही काळे. दोन्हीकडे चाळीस-चाळीस वेळा टाका. आवाज झाला तरी चालेल, पस्तीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवलंय मी. डबे मात्र परत हवेत. नातीचे आहेत, मोजून दिलेत तिनं.

निवृत्तीनंतर मी सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या एका रक्ताच्या आजाराच्या, तपासणी शिबिरांना जातो. माझं काम छोटं. रिपोर्ट हातात पडला की त्याचा अर्थ लोकांना समजावून सांगायचा. एकदा असंच टेबलाशी बसलो असताना एक तरुण बाप आला. तो आणि बायको दोघंही वाहक, म्हणजे आजाराचं एक जनुक अंगात असलेले पण स्वतः आजारी नसलेले, आपल्याकडे लोक म्हणतात तसं ‘एएस पॅटर्न’. थोरला मुलगा तीन वर्षांचा, ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला. बायको पुन्हा गरोदर, जरा लांब भिंतीला टेकून उभी. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, तुमच्यासारख्या जोडप्यात चारात एक मूल आजारी निघतं. त्यानं मला विचारलं, “सर, पयला बिमार निंगाला न, मंग आता बाकीचे तिघं चांगले निंगतीन न?”

डॉक्टर चुकले नव्हते. त्याचा हिशेबही वरवर सरळच होता. चारात एक, तो एक येऊन गेला. वसुलीवाला एकदा पैसे घेऊन गेला की पुढचा हप्ता येईपर्यंत दाराशी फिरकत नाही, तसं.

मला त्याच्यापेक्षा स्वतःचा राग आला. फळ्यावर तो चार घरांचा चौकोन मीच वर्षानुवर्षं काढला होता. वर बापाची जनुकं, बाजूला आईची, आत चार घरं. उत्तर बरोबर आलं की गुण द्यायचो आणि पुढच्या धड्याकडे वळायचो. त्या चार घरांकडे बघणाऱ्याला चार मुलं दिसतात, एकेक घरात एकेक, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. ती चार घरं म्हणजे चार मुलं नाहीत. ती एकाच मुलाच्या चार शक्यता आहेत. पुढच्या मुलाच्या वेळी चारही घरं पुन्हा रिकामी.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा घोळ आपल्या भाषेतच मुरलेला आहे. आपण म्हणतो ‘खाण तशी माती’. म्हणतो ‘रक्ताचं नातं’, ‘रक्तातच आहे त्याच्या’. या सगळ्यामागे एक चित्र आहे: आईबापाचं काहीतरी दुधात पाणी मिसळावं तसं मिसळतं आणि मूल तयार होतं. हे चित्र आपलं एकट्याचं नाही, युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञही तेच धरून बसले होते. पण एकदा मिसळलेलं दूधपाणी पुन्हा वेगळं होत नाही. मग मधल्या पिढीत गायब असलेलं आजीचं नाक नातवाच्या चेहऱ्यावर उगवतं कुठून? दोन धडधाकट आईबापांच्या पोटी सिकलसेलचं मूल येतं कुठून?

याचं उत्तर ब्रनो नावाच्या गावात, मठाच्या बागेत सापडलं. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे. ग्रेगोर मेंडेल हा तिथला धर्मगुरू, शाळेत शिकवायचाही. १८५६ ते १८६३ त्यानं वाटाण्याची हजारो रोपं लावली. गोल दाण्याचं रोप आणि सुरकुतलेल्या दाण्याचं रोप यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुती मिसळून गेली म्हणावं, तर पुढच्या पिढीत ती जशीच्या तशी परत हजर. त्यानं मोजले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तिनास एक. म्हणजे सुरकुतीचा ‘कण’ कुठेही विरघळला नव्हता. गोल दाण्याच्या आत तो गप्प बसून होता. त्या कणाला आज आपण जनुक म्हणतो.

इथवर सगळी पाठ्यपुस्तकं सांगतात. पुढची गोष्ट मीही वर्गात कधी सांगितली नाही. तिनास एक हे प्रमाण सात हजारांवर दाणे मोजल्यावर आलं. एकेका रोपाकडे पाहिलं तर मेंडेलला काय दिसलं? एका रोपावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले. दुसऱ्या एका रोपावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले! दोघांचा नियम एकच. त्यानं ही टोकाची उदाहरणं लपवली नाहीत, निबंधात नोंदवून ठेवली. आता सांगा, वाटाण्याच्या एका रोपालासुद्धा जे प्रमाण पाळता येत नाही, ते दोन-तीन लेकरांच्या घरात कसं पाळलं जाणार?

१८६५ साली त्यानं हा निबंध ब्रनोतल्या सभेत वाचला, पुढच्या वर्षी तो छापून आला, आणि १९०० पर्यंत त्याकडे कुणी फारसं ढुंकूनही पाहिलं नाही. मेंडेल तोवर वारला होता.

हे कण राहतात कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर सटन नावाचा अमेरिकन विद्यार्थी नाकतोड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. पेशीतले बारीक धागे, म्हणजे गुणसूत्रं, जोडीजोडीनं असतात आणि बीजपेशी, म्हणजे स्त्रीबीज किंवा शुक्राणू, तयार होताना प्रत्येक जोडी फुटते, एक इकडे, एक तिकडे. मेंडेलचे कण अगदी असेच वागतात, हे त्याच्या ध्यानात आलं. कण गुणसूत्रांवर बसून प्रवास करत होते. माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे पक्कं व्हायला मात्र १९५६ उजाडावं लागलं. त्याआधी कित्येक वर्षं सगळे ४८ म्हणायचे, आणि सूक्ष्मदर्शकात पाहूनही ४८च मोजायचे! पुस्तकात छापलेलं डोळ्यांना दिसायला लागतं, ते असं.

४६ म्हणजे २३ जोड्या. देवळाबाहेर चपलांच्या २३ जोड्या काढून ठेवल्यात अशी कल्पना करा. प्रत्येक जोडीतली एक चप्पल तुम्हाला आईकडून मिळालेली, एक बापाकडून. तुमची बीजपेशी बनताना प्रत्येक जोडीतली एकच चप्पल पिशवीत जाते. कुठली, ते ठरलेलं नाही. पहिल्या जोडीतली आईची आली म्हणून दुसरीतलीही आईचीच येईल असं नाही. मग अशा वेगवेगळ्या किती पिशव्या भरता येतील? दोनाला दोननं २३ वेळा मांडून गुणा. उत्तर येतं ८३,८८,६०८.

हसताय, म्हणजे कळलं. चौऱ्यांशी लक्ष योनी! हा निव्वळ योगायोग आहे. कृपा करून आज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आपल्या ऋषींना गुणसूत्रं माहीत होती’ असं माझ्या नावानं पाठवू नका. शिवाय आकडा खरं तर याहून कितीतरी मोठा आहे, कारण पिशवीत जाण्याआधी जोडीतल्या चपला आपापसांत पट्टे आणि तळवेही बदलून घेतात. सख्खी भावंडं इतकी वेगळी का निघतात, याचं कारण हेच.

आता त्यातली एकच जोडी उचलू, अकरावी. तिच्यावर हिमोग्लोबिनचा एक भाग, बीटा ग्लोबिन, बनवण्याचं जनुक असतं. त्या प्रथिनाच्या माळेत अमिनो आम्लांचे १४६ मणी. सहाव्या मण्याची सूचना डीएनएच्या तीन अक्षरांची आहे: जी-ए-जी. सिकलसेलच्या जनुकात मधलं एक अक्षर बदललेलं असतं, ‘ए’च्या जागी ‘टी’. त्यामुळे सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. एवढंच. अकराव्या गुणसूत्रावर अशी अक्षरं तेरा कोटींच्या वर आहेत, त्यातल्या एका अक्षराचा हा खेळ.

व्हॅलिनला पाणी सोसत नाही. प्राणवायू सोडून दिला की हे हिमोग्लोबिन शेजारच्या हिमोग्लोबिनला चिकटतं, त्याच्या लांब काड्या बनतात आणि गोल, लवचीक रक्तपेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. विळा म्हणजे इंग्रजीतलं सिकल, नाव तिथूनच आलं. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्यानं ते दुखणं पाहिलंय त्याला मी वेगळं सांगायला नको. लहान मुलाचे हातपाय सुजतात, रात्र रात्र रडतं ते. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. आणि मूल जन्मतं तेव्हा मात्र गुटगुटीत असतं, कारण पोटातलं वेगळं हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याला सांभाळून घेतं. सहाएक महिन्यांनी ते ओसरलं की दुखणं वर येतं. मग घरचे म्हणतात, नजर लागली.

वाहकाच्या अंगात एक प्रत चांगली असते, ती काम निभावते. वाहक आजारी नसतो. आणि असलं जनुक इतक्या पिढ्या टिकलं का, तर वाहकाला मलेरियाच्या मारक रूपापासून बरंच संरक्षण मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत हे १९५४ साली दाखवून दिलं. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, आपला सिकलसेलचा पट्टा आठवा आणि हिवतापाचा पट्टा आठवा. आपल्या पणज्यांतले कितीतरी जण याच जनुकाच्या आधारानं तापातून उठले असतील. हा ‘आदिवासींचा रोग’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं. विदर्भात इतर कितीतरी जातींत तो आहे, मुकाट्यानं.

दोष द्यायचा प्रश्न निघाला म्हणून सांगतो. तपासणी आधी होते ती गरोदर बाईची. त्यामुळे कागद पहिला तिच्या नावाचा निघतो आणि बोलणी तीच खाते. नवऱ्याला नंतर बोलावतात, तो येतो किंवा येत नाही. काळा चिंचोका म्हणजे आजाराचं जनुक; एसएस मूल व्हायला असे दोन काळे चिंचोके लागतात, एक त्याचाही. ‘मुलगीच झाली’ म्हणून सुनेला बोलणाऱ्या घरांत हाच आंधळेपणा. मुलगा की मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्रांपैकी आईकडे द्यायला एक्स सोडून दुसरं काही नसतंच. एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा, ते बापाच्या बीजपेशीवर ठरतं, आणि तोही काही निवडून देत नाही.

मुलींच्या रिपोर्टबद्दल मला जास्त काळजी वाटते. एएस आलेलं कार्ड पेटीच्या तळाशी दडवून ठेवलेल्या मुली मी पाहिल्यात. कळलं तर लग्न मोडेल, ही भीती. अहो, वाहकानं हे जनुकच नसलेल्याशी लग्न केलं तर एकही मूल एसएस होत नाही. फार तर मूलही वाहक निघेल, तीही शक्यता निम्मी. प्रश्न फक्त दोन्ही बाजूंनी काळा असण्याचा आहे. म्हणून माझं म्हणणं, तपासणी साखरपुड्याच्या घाईत नको, त्याच्या कितीतरी आधी कॉलेजात व्हावी, मन कुठे गुंतायच्या आत. दोघं वाहक असूनही लग्न करणार असतील तर खुशाल करावं. फक्त दिवस राहिल्यावर तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना सांगावं, गर्भाची तपासणी करता येते.

उपचार आहेत. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीनं दुखण्याचे झटके कमी होतात, ती नेमानं घ्यावी लागते. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, लसी. २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेत जनुक कापून दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली, किंमत २२ लाख डॉलर. त्याच वर्षी १ जुलैला आपल्या देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. एक बोट टोचून होणारी सोल्युबिलिटी टेस्ट आणि २२ लाख डॉलर, या दोन टोकांच्या मध्ये आपण सध्या उभे आहोत.

त्या बापाला मी काय सांगितलं? त्या दिवशी चिंचोके नव्हते, रुपयाची दोन नाणी होती. छापा चांगला, काटा आजाराचा. त्याला म्हटलं, टाक. पहिल्यांदाच दोन्ही काटे पडले. म्हटलं, हे तुझं थोरलं. आता पुन्हा टाक. तो नाणी हातात धरून बसला. तेवढ्यात बायको भिंत सोडून जवळ आली, त्याच्या हातातून नाणी घेतली आणि टाकण्याआधीच म्हणाली, “मंजे दरखेपी नवाच डाव.” पस्तीस वर्षांत माझ्या वर्गात इतक्या चटकन हे कुणाला उमगलं नव्हतं. त्याच दुपारी ते दोघं पुढच्या तपासणीची तारीख घेऊन गेले.

वह्या आल्या का? आणा. डावीकडे चाळिसांत ६ वेळा दोन्ही काळे. उजवीकडे १५. हिशेबानं दोघांनाही दहा-दहा यायला हवे होते. दोन्ही मिळून ऐंशीत २१, म्हणजे विसाच्या अगदी जवळ. चिंचोका नाण्याइतका सरळ नसतो हे धरूनसुद्धा. उजवीकडची वही जरा दाखवतो. हे बघा, अकरावा, बारावा, तेरावा डाव, सलग तीन वेळा दोन्ही काळे. कुणी टाकले होते? तुम्ही? आणि चौदाव्याच्या आधी इथे कुणीतरी लिहून ठेवलंय, ‘आता पांढरे येणार’. चौदावा काय पडला, तुम्हीच वाचा मोठ्यानं.

बाहेर व्हरांड्यात ताई टेस्टचं सामान घेऊन बसल्यात, दहा मिनिटांचं काम आहे. आणि एक डबा अजून आलेला नाही.