कालच्यापेक्षा आज कसे आहेत?

मित्रहो, तुमच्यापैकी बरेच जण या हिवाळ्यात पहिल्यांदाच उघड्यावर झोपणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी रात्री बाहेर पडणार आहेत, असं संयोजकांनी सांगितलं. म्हणून सेवेच्या थोरवीवर मी बोलत नाही. ती पटली नसती तर सुट्टीच्या दिवशी तुम्ही इथे कशाला आला असतात? मी बोलणार आहे गारठ्यावर आणि म्हाताऱ्या शरीरावर.

या कामाचं एक चित्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. टेम्पो भरून ब्लँकेटं, रात्रभर वाटप, शेवटी एक फोटो. वाटप वाईट नाही. पण एका रात्रीत दोनशे जणांपर्यंत पोचणाऱ्या गटापेक्षा मोजक्या पंधरा म्हाताऱ्यांकडे रोज रात्री जाणारा गट मला जास्त कामाचा वाटतो. काहींना हे रुचणार नाही, म्हणून कारण नीट सांगतो.

आपल्या शरीराचं तापमान साधारण 37 अंश सेल्सिअस असतं. आतलं तापमान 35च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. तरुण माणूस तिथवर पोचण्याआधी काकडतो, दात वाजतात, तो उठून हालचाल करतो. म्हाताऱ्या शरीरात हा सगळा बंदोबस्त ढिला पडलेला असतो. स्नायू कमी, त्यामुळे हुडहुडी क्षीण. कातडीखालच्या रक्तवाहिन्या हव्या तशा आकसत नाहीत, ऊब बाहेर जात राहते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे थंडीची जाणीवच बोथट झालेली असते. तुम्ही विचारता, "आजोबा, थंडी वाजतेय का?" ते म्हणतात, "नाही रे बाळा." ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच कळत नसतं. त्यात उपासमार, मधुमेह, थायरॉइड मंदावलेलं, झोपेच्या गोळ्या, दारू यांतलं काही असलं तर धोका आणखी वाढतो. यासाठी बर्फ पडायला लागत नाही. अंगावरचे कपडे ओले आणि वारा सुटलेला असेल, तर 10 अंशांतही माणूस दगावू शकतो.

आता लक्षणं पाहा. बोलणं जड होतं, चाल अडखळते, बटण लागत नाही, माणूस चिडचिडा होतो किंवा पेंगतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, प्यायलेला दिसतोय. कुणी म्हणतं, वयच झालंय, भ्रमिष्ट असेल. शेवटच्या टप्प्यात तर काहींना उलट उकडल्यासारखं होतं आणि ते कपडे काढून टाकतात. एक सोपी चाचणी शिकवतात: अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवायला सांगा. जमलं नाही तर बोटं गारठून निकामी व्हायला लागली आहेत असं समजायचं. पण ज्या आजींची बोटं संधिवातानं आधीच वाकडी झालीत, त्यांना हे भर उन्हाळ्यातही जमणार नाही. मग ओळखायचं कसं? काल त्या आजी कशा बोलत होत्या, किती चालत होत्या, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच आजचा फरक कळतो. ब्लँकेट देऊन पुढे गेलेल्याला तो कळायचं कारणच नाही. पंधरा जणांचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

थर्मामीटरवर फार विसंबू नका. काचेचा जुना थर्मामीटर 35 अंशांपासूनच सुरू होतो, त्याखालचं तो दाखवतच नाही. डिजिटलवर 'लो' आलं तर बिघडलाय म्हणून झटकत बसू नका, तो खरं सांगत असेल. हातपाय थंडीत गार असतातच. विचारून, कपड्यांच्या आत हात घालून पोट पाहा. पोट गार लागलं आणि माणूस गोंधळलेला असेल, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत आडवं ठेवा, ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, डोकं झाका, आधी छाती-पोटाला ऊब द्या. हातपाय चोळायचे नाहीत, उठवून चालवायचं नाही. गारठलेलं हृदय फार हळवं असतं, हिसक्यानंसुद्धा त्याचे ठोके बिघडू शकतात. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल, तरच काहीतरी गरम, गोड प्यायला द्या. दारू अजिबात नाही. तिनं कातडी गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

दोन ब्लँकेटं असतील तर एक खाली घाला. माणूस निम्मा गारठतो तो जमिनीनं. अंगाखाली दबलेल्या ब्लँकेटमधली हवा निघून जाते, म्हणून त्याच्याही खाली जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन थर लागतात. पुठ्ठा भिजला की बदलायचा. आणि वाऱ्याकडे लक्ष असू द्या. पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या दोघा अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकात प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून वाऱ्यात ते किती वेळात गोठतं हे मोजलं आणि 1945 साली निष्कर्ष मांडले. वाऱ्यानं थंडी किती जास्त बोचते याचं गणित तिथून सुरू झालं. आपल्याला एवढंच पुरे, की आडोशाची जागा दहा पावलांवर असली तरी त्या दहा पावलांनी फरक पडतो.

शेकोटी उघड्यावर ठीक. ताडपत्रीच्या झोपडीत कोळशाची शेगडी मात्र नको. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो.

एक विषय कुणी काढत नाही. थंडीत लघवी जास्त होते. म्हाताऱ्यांना रात्रीतून चारदा उठावं लागतं, शौचालय लांब असतं, म्हणून ते संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. तरीही कपडे ओले होतात, आणि शरमेनं ते सांगत नाहीत. देणग्यांत स्वेटरांचे ढीग येतात, कोरडी अंतर्वस्त्रं, पायजमे आणि मोठ्यांचे डायपर जवळजवळ कुणी देत नाही. मागायला लाजू नका. पायमोजेही तपासा. ओल्या मोज्यांत दिवसच्या दिवस राहिलेला पाय गोठणबिंदूच्या वरही सडू शकतो.

झोपलेल्याला उठवावं का, यावर प्रत्येक गटात भांडण होतं. माझं मत असं: ओळखीचा असेल, श्वास नेहमीसारखा असेल तर झोपू द्या. नवा असेल तर उठवा, शिव्या खा. टॉर्च मात्र तोंडावर मारू नका. समोरून जा, खाली बसा, आपलं नाव सांगा. कालही सांगितलं असलं तरी.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे: निवाऱ्यात यायला नाही म्हणाले तर? आधी कारण विचारा. बहुतेक वेळा ते साधं असतं. बोचकं चोरीला जाईल. कुत्र्याला आत घेत नाहीत. नवरा-बायकोला वेगळं झोपवतात. जिना चढवत नाही. यातलं निम्मं आपण सोडवू शकतो: बोचक्याला कुलूप, तळमजल्यावरची जागा. तरीही नाही म्हणाले तर तो त्यांचा निर्णय. पुठ्ठा द्या, उद्या परत जा. पण बोलणंच असंबद्ध असेल, तर त्या नकाराला निर्णय म्हणता येणार नाही. तिथे वाद घालत न बसता रुग्णवाहिका बोलवायची.

बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. प्रत्येकाचं एक पान: हाक कशी मारायची, गोळ्या कोणत्या, बोलणं-चालणं कसं, झोपायची जागा. पाळी बदलताना ती पुढच्या जोडीच्या हातात द्यायची. मागेच नावनोंदणीचा तक्ता आहे. पहिल्या आठवड्यात आता जागा नाही. हिवाळ्याचे शेवटचे तीन आठवडे पूर्ण रिकामे आहेत, रात्री तेव्हाही गारच असतात. तेव्हा नावं खालून वर लिहीत या.