पॅट्रिक डार्सी: गॉलवेचा वकील

मंडळी, आयर्लंडच्या इतिहासात इंग्लिश सेनापती क्रॉमवेलचं नाव सगळ्यांना माहितीये, पण ज्या वकिलाने आयर्लंडच्या कायदेशीर हक्कांची केस पहिल्यांदा नीट, मुद्देसूद मांडली त्या पॅट्रिक डार्सीबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून आज त्याच्यावरच बोलायचंय.

जन्म १५९८, गॉलवे. गॉलवे हे व्यापारी बंदर आणि त्या शहरावर १४ घराण्यांची पकड होती, त्यातलंच एक डार्सी. पॅट्रिक लंडनला मिडल टेंपलमध्ये कायदा शिकला. पण तो कॅथलिक होता. आयर्लंडमध्ये वकिली किंवा सरकारी पद हवं तर आधी राजा (इंग्लंडचा राजा तोच आयर्लंडचाही) हाच चर्चचा प्रमुख अशी शपथ घ्या, असा नियम होता, आणि पोपला प्रमुख मानणाऱ्या कॅथलिक माणसाला ती शपथ घेता येत नव्हती. १६२८ मध्ये चार्ल्स राजाने पैशांच्या मोबदल्यात सवलती कबूल केल्या, १,२०,००० पौंड ठरले, त्यात कॅथलिक वकिलांना नुसत्या राजनिष्ठेच्या शपथेवर प्रॅक्टिस करता येईल असंही होतं, आणि ६० वर्षं जमीन कसली असेल तर राजा जुना हक्क उकरून काढणार नाही हेही होतं. हे दुसरं वचन लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरून पेटलं.

कारण १६३३ मध्ये वेंटवर्थ हा राजाचा प्रतिनिधी म्हणून डब्लिनला आला. पुढच्याच वर्षीच्या पार्लमेंटमध्ये (डार्सी तिथे नॅव्हनचा मेंबर होता) वेंटवर्थने आधी कर मंजूर करून घेतला आणि मग जमिनीचं वचन बाजूला सारलं. त्याला कॉनॉट प्रांतात इंग्लिश वसाहती करायच्या होत्या आणि त्यासाठी शेकडो वर्षांपूर्वीच्या वारसाहक्कावरून तिथल्या जमिनीचा मालक मुळात राजाच आहे असं ज्युरीकडून वदवून घ्यायचं होतं. म्हणजे आज कुणी येऊन म्हणावं की तुमच्या सातबाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या तुमचं नाव असलं तरी मूळ मालक मीच. रॉसकॉमन, मेयो आणि स्लायगोच्या ज्युरींनी मान तुकवली. गॉलवेची ज्युरी १६३५ च्या ऑगस्टमध्ये पोर्टम्नाला बसली, वेंटवर्थ स्वतः तिथे हजर, तोही तिथल्या अर्लच्याच (सरदाराच्याच) वाड्यात मुक्काम ठोकून, आणि तरीही ज्युरीने राजाच्या बाजूने निकाल द्यायला नकार दिला. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. जमीन, घर, सगळं पणाला लागलेलं असताना काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) माणसांनी नाही म्हटलं! प्रत्येक ज्युररला ४००० पौंड दंड झाला, तो भरणं कुणालाही शक्यच नव्हतं. काउंटीचा शेरीफ, म्हणजे तिथला सरकारी अधिकारी, होता मार्टिन डार्सी, याच घराण्यातला, तो तर तुरुंगातच गेला. पॅट्रिक दाद मागायला इंग्लंडला राजाकडे गेला तर त्यालाच पकडून परत पाठवलं.

मग वारं फिरलं. नोव्हेंबर १६४० मध्ये वेंटवर्थलाच लंडनमध्ये अटक झाली आणि १२ मे १६४१ ला त्याचं डोकं उडवलं गेलं. तिकडे डब्लिनमध्ये आयरिश कॉमन्सने (पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहाने) न्यायाधीशांसाठी २१ प्रश्न काढले होते. पहिलाच प्रश्न असा की या राज्यातली प्रजा स्वतंत्र आहे का आणि तिच्यावर फक्त कॉमन लॉ (न्यायालयांच्या निकालांतून घडलेला इंग्लिश कायदा) आणि इथे लागू असलेलेच कायदे चालतात ना? आणखी एक प्रश्न ज्युरीबद्दल होता, की विवेकाला पटेल तो निकाल दिला म्हणून दंड करणं, कान कापणं, जीभ भोसकणं हे कुठल्या कायद्यात बसतं? पोर्टम्नाची जखम तिथे उघडपणे दिसते.

न्यायाधीशांनी गुळमुळीत उत्तरं दिली, वर लांबलचक प्रस्तावना जोडली की आमच्याकडून राजाच्या हक्कांबद्दल असं काही विचारून घेऊ नका वगैरे. त्याला उत्तर द्यायचं काम कॉमन्सने डार्सीला दिलं. ९ जून १६४१, डब्लिन कॅसलचं जेवणाचं दालन, समोर लॉर्ड्सची, म्हणजे सरदारांच्या सभागृहाची कमिटी, आणि डार्सी एकेक प्रश्न घेऊन पुराव्यासकट खोडत गेला. गाभा एवढाच: आयर्लंड हे राजाचं वेगळं राज्य आहे, त्याला स्वतःचं पार्लमेंट आहे, आणि तिथे मंजूर झाला नाही तो इंग्लंडचा कायदा आयर्लंडला लागू होत नाही. राजाशी निष्ठा पूर्ण, पण इंग्लंडच्या पार्लमेंटची हुकमत नाही. हा धागा धरायला नुसती हिंमत पुरत नाही, कायद्याचा दांडगा अभ्यास लागतो.

ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांचं बंड पेटलं आणि वर्षभराने त्यांची किलकेनी शहरात जनरल असेंब्ली भरली. राजाने बोलावल्याशिवाय ते पार्लमेंट होत नाही म्हणून त्यांनी तसं म्हणवून घेतलं नाही, पण मांडणी पार्लमेंटसारखीच, डार्सी उघड्या डोक्याने स्टूलवर बसलेला, म्हणजे लॉर्ड्समध्ये लोकरीच्या गादीवर बसणाऱ्या न्यायाधीशांच्या जागी. तिथल्या कारभाराची घडी बसवण्यात त्याचा मोठा हात होता. आणि १६४३ मध्ये वॉटरफर्डला त्याचं ते भाषण छापलं गेलं, भर युद्धात.

पुढचं सगळं कडू आहे. राजाच्या प्रतिनिधीशी झालेला १६४६ चा तह, ज्याच्या वाटाघाटींत डार्सीही होता, तो पोपचा दूत रिनुचिनीने मोडून काढला, आपसात फूट पडली, १६४९ ला क्रॉमवेल उतरला आणि १६५२ मध्ये गॉलवेही पडलं. डार्सीची जमीन गेली. १६६८ मध्ये तो डब्लिनला वारला.

त्याची एक मर्यादाही सांगतो. त्याची ‘स्वतंत्र प्रजा’ म्हणजे प्रामुख्याने जमीनदार आणि शहरातली घराणी, शेतमजूर त्यात फारसा नाही. पण मुद्दा त्याच्यापेक्षा मोठा निघाला. १६९८ मध्ये विल्यम मॉलिन्यू या प्रोटेस्टंट माणसाने साधारण हीच मांडणी पुस्तकात केली आणि इंग्लिश कॉमन्सने त्याचा निषेध केला. १७२० मध्ये तर लंडनच्या पार्लमेंटने आयर्लंडसाठी कायदे करण्याचा आपला हक्क कायद्यानेच जाहीर केला, तो रद्द व्हायला १७८२ उजाडलं. त्याआधी १७६४ मध्ये डब्लिनमध्ये डार्सीचं भाषण पुन्हा छापलं गेलं होतं, त्याच्याच धर्माच्या लोकांना पार्लमेंटचं दार बंद असताना.