परत बास हातात घ्यायचा, तर कोणता?

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं वाजवणं ऑर्केस्ट्राच्या किंवा चर्चच्या दिवसांत सुटलं. मग नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणं. आता वेळ आहे, गाठीला थोडे पैसे आहेत, आणि उभा बास, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला तो माणसाएवढा डबल बास, पुन्हा घ्यावा असं मनात आहे. अशा माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “प्लायवूडचा चालेल का हो, की अस्सल लाकडाचाच घ्यावा?” माझंही उत्तर ठरलेलं आहे. नागपुरात राहायचं, बजेट बेताचं आणि हात सुटलेला, तर प्लायवूडचाच घ्या. वाचलेला पैसा सेटअपवर, म्हणजे घोडी, नट आणि तारांची उंची जुळवून घेण्यावर, आणि तारांवर घाला.

काहून, ते सांगतो. अस्सल लाकडाचा म्हणजे कोरीव बास. त्याची वरची, म्हणजे तारांखालची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू बहुधा मेपलच्या, आणि सांधे सरसानं जोडलेले. सरस मुद्दाम वापरतात. लाकूड आकसलं की फळी फाटण्याआधी सांधा उकलावा, म्हणजे तो पुन्हा चिकटवता येतो. आता आपली हवा बघा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, दुपारी हवेतला ओलावा 20 टक्क्यांच्या आसपास. ऑगस्टात तोच 80 च्या वर. त्यात आपला कूलर! दुपारभर खोली दमट, आणि लाईट गेली की बघता बघता कोरडीठाक. एवढी मोठी फळी रोज फुगायची आणि आकसायची. सपाट पाठीचे कोरीव बास तर आणखी नाजूक, कारण पाठीला आतून आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पाठ आकसते आणि पट्टी तिला आकसू देत नाही. प्लायवूडमध्ये एकाआड एक पापुद्र्यांचे रेषे एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे ते कुठल्याच बाजूला फारसं हलत नाही.

प्लायवूड म्हणजे दुय्यम, हा समज सोडा. शिकागोच्या ‘के’ कंपनीनं 1937 पासून प्लायवूडचे बास काढले. त्यातले कितीतरी आजही जॅझवाले वाजवतात आणि जपून ठेवतात. बोटांनी वाजवायला तो आवाज ठसठशीत लागतो. गजानं लांब सूर काढायचे असतील तर कोरीव फळी उजवी, हे मान्य. वरची फळी कोरीव आणि बाकी प्लायवूड असा मधला प्रकार मिळतो, पण फाटायची भीती त्याच वरच्या फळीला असते. घरात वर्षभर सारखी हवा ठेवता येत असेल तरच त्या वाटेला जा.

आता हाताचं बोलू. बाजारात ‘थ्री-फोर्थ’ म्हणून जो मिळतो तोच मोठ्या माणसांचा नेहमीचा बास. नावावर जाऊ नका, टेप लावा. नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी, आणि घोडी म्हणजे पेटीवर तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा. वरच्या नटपासून घोडीपर्यंत तारेची लांबी साधारण 104 ते 107 सेंमी भरते. मधल्या वर्षांत तुम्ही बास गिटार वाजवत असाल तर तिची लांबी 86 च्या आसपास. म्हणजे पहिल्या पोझिशनला, नटजवळच्या हाताच्या जागेला, पहिलं बोट आणि करंगळी यांच्यात गिटारवर साडेआठ सेंमीच्या आत भागतं, इथे 10 सेंमी लागतात. पन्नाशीनंतर हा फरक मनगट सांगतं. दोन बास सारखेच आवडले तर कमी लांबीचा उचला.

त्याहून महत्त्वाची तारांची उंची. फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारा जिच्यावर दाबतो त्या पट्टीच्या, खालच्या टोकाला तार आणि लाकूड यांच्यामध्ये पट्टी धरा. बोटांनी वाजवणाऱ्याला सगळ्यात बारीक ‘जी’ तारेखाली 5-6 मिमी आणि सगळ्यात जाड ‘ई’ तारेखाली 8-9 मिमी पुरतात. कारखान्यातून आलेल्या स्वस्त बासवर बऱ्याचदा याच्या कितीतरी वर असतात. घेणारा महिनाभर झगडतो आणि म्हणतो, वय झालं. वय नाही बापा, घोडी उंच आहे! घोडी तासून, नट खाली घेऊन, फिंगरबोर्ड रंधून हे सगळं नीट होतं. घोडीच्या पायांत फिरकीचे ॲडजस्टर बसवून घ्याच. पावसाळ्यात फळी फुगून वर येते, तारा चढतात. दोन आटे खाली घेतलं की काम झालं.

सेकंडहँड बघायला जाताना मोबाइलचा टॉर्च न्या. वरच्या फळीवरच्या एफ आकाराच्या भोकातून आत उजेड टाका आणि साउंडपोस्ट, म्हणजे वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये आत उभी असलेली काठी, जिथे टेकतो तिथे पाठीवर किंवा वरच्या फळीवर भेग आहे का बघा. असेल तर चहा पिऊन परत या. मग कडेकडेनं बोटाच्या पेरानं टकटक करत फिरा. जिथे आवाज फाटका येतो तिथे सांधा सुटलाय. तो फार खर्चाचा नाही, भाव पाडायला उपयोगी. मान आणि पेटी जिथे भेटतात तिथे फट दिसली तर मात्र तो खर्च मोठा. फिंगरबोर्डवरून एक डोळा मिटून बघा : मधे किंचित खोलगट हवा, उंचवटा नको. बोटं काळी झाली तर आबनूस म्हणून सांगितलेलं लाकूड रंगवलेलं आहे हे समजून घ्या.

मी तर म्हणतो, बास बघायला मेच्या शेवटी जा. त्या उन्हातून जो सांधे मिटलेले ठेवून निघाला, त्याची परीक्षा झालेली असते. आणताना मात्र पहाटे आणा. बंद गाडी तापली की सरस नरम पडतो आणि तारांचा ताण सगळे मिळून 100 किलोच्या वर असतो.

बाहेरगावाहून मागवला तर घोडी काढून पाठवतात. बासच्या पोटात खडखड वाजलं म्हणून घाबरू नका. साउंडपोस्ट चिकटवलेला नसतो, तो ताणावर उभा असतो आणि ताण गेला की पडतो. पण तो परत उभा केल्याशिवाय तारा चढवू नका, वरची फळी बसेल. व्हायोलिनचा साउंडपोस्ट लावणारा कारागीर हे करू शकतो, अवजार फक्त मोठं लागतं.

तारांचा चांगला स्टीलचा संच 15 हजारांच्या पुढेच जातो. ऐकून छातीत धस्स होतं, पण तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि स्वस्त बासचा आवाज एवढा बदलणारी दुसरी गोष्ट नाही. गज जर्मन की फ्रेंच, यावर वाद घालत बसू नका. तरुणपणी जी पकड शिकलात तीच घ्या.

मागून कुणीतरी विचारतंय, पेटी नसलेला इलेक्ट्रिक उभा बास का नको? फ्लॅटमध्ये राहता, शेजारी कटकट करतात, तर जरूर घ्या. लांबी तीच, बोटांचा सराव होतो. फक्त गजाच्या सरावासाठी तो घेऊ नका. पेटीची थरथर छातीला लागते तेव्हा गजावर किती जोर द्यायचा ते कळतं, आणि हेडफोनमधून ते येत नाही.